बरगडी हाताला लागली पाहिजे

मागच्या वर्षी आमच्या पंचक्रोशीत माझी एक ख्याती झाली होती. हा माणूस कुत्र्याला उपाशी मारतो! पणदऱ्यात चहाला थांबलो की बाकावरची माणसं आधी माझ्या पोटाकडं बघायची, मग एकमेकांकडं. त्या नजरेचा अर्थ मला पाठ झाला होता: स्वतः बघा कसा सुटलाय, आणि मुक्या जनावराला मोजून घालतोय. इंदापूर तालुक्यात शेळगावला दिलेल्या माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं तर फोनच केला. "दादा, तुमच्यात परवडत नसंल तर आमच्याकडं आणून सोड. आमच्यात भाकरीला तोटा न्हाय."

परवडत नसेल! त्या कुत्र्याच्या खाण्याचं पोतं आणायला मी दर वेळी बारामतीला जात होतो, आणि दुकानात चष्मा नाकावर चढवून पोत्यामागची बारीक अक्षरं वकिलासारखी वाचत होतो. एवढं बारकाईनं मी स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा वाचली नव्हती.

झालं असं, की बारामतीच्या एका मित्राच्या ग्रेट डेन कुत्रीला पिल्लं झाली आणि त्यातलं एक त्यानं माझ्या मांडीवर ठेवलं. मांडी भरून उरलं. दोन महिन्यांचं पिल्लू, पण पंजे आमटीच्या वाटीएवढे, कान लोंबते, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आपण कुठल्यातरी संस्थानातून आलो असून ही मंडळी आपली व्यवस्था कशी ठेवतात ते बघू. मी ते घरी आणलं. घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि वडील. वडिलांना आम्हीच काय, सगळं गाव आबा म्हणतं. आबांनी उभा जन्म गोठ्यात काढला. दारात कुत्रं नको, हे त्यांचं मत जुनं. पण ह्या पिल्लाचे पाय त्यांनी हातात घेऊन दाबून बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि निकाल दिला.

"हे कुत्रं न्हाय. हे वासरू हाय."

त्या दिवसापासून ते त्याला वासरूच म्हणायला लागले. मला कौतुक वाटलं. तिथंच सावध व्हायला हवं होतं, पण म्हाताऱ्या माणसाला जनावराचा लळा लागतोय म्हटल्यावर कोण सावध होतो?

लस टोचायला बारामतीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो, तेव्हा त्यांनी मला समोर बसवून नीट समजावलं. वयानं माझ्या पुतणीएवढ्या, पण आवाजात जरब.

"काका, ही मोठी होणारी जात आहे. लोकांना वाटतं, मोठं होणार म्हणजे भरपूर घाला. तसं नाही. ह्याला हळू वाढू द्यायचं. भराभर वजन वाढलं की हाडं अजून कोवळी असतात, त्यांना ते पेलत नाही. पोत्यावर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असं लिहिलेलं खाणंच आणा. त्यात कॅल्शियम बेतानं असतं. वरून कॅल्शियम द्यायचं नाही. अजिबात नाही. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकता येतं, पिल्लाला येत नाही. ते हाडांत जातं आणि हाडं बिघडवतं."

"आणि जेवण किती?"

"पोत्यावर वजनाप्रमाणं दिलेलं असतं. तेवढं मोजून, दिवसातून तीन वेळा विभागून. आणि खरं माप तुमच्या हातात आहे. बरगडीवरून हात फिरवा. बरगडी डोळ्याला दिसता कामा नये, पण हाताला लागली पाहिजे."

मी मान डोलावली. मला ते पटलं. पटण्यात काय अडचण होती? अडचण होती ती बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांची.

पहिली अडचण दुकानात उभी होती. दुकानदार पोरगेलासा, दंड फुगलेले. मी मागितलेलं पोतं त्याच्याकडं नव्हतं, म्हणून त्यानं दुसरंच एक माझ्यापुढं आपटलं. "हे घ्या काका. पिल्लू म्हणजे पिल्लू, त्यात बारक्या-मोठ्या जातीचं काय नसतं. आणि ही पावडर घ्या, बॉडी बनती. आणि ही कॅल्शियमची हाडं. महिन्यात वळखू येणार न्हाय."

"मला ते ओळखू यायला पाहिजे," मी म्हणालो. "मी त्याला कुस्तीला उतरवत नाहीये."

तो हसला, पण पावडरीचा डबा पिशवीत टाकलाच. मी काढला. त्यानं परत टाकला. शेवटी मी पिशवीच उलटी केली आणि हवं ते पोतं मागवून घेतलं. ते येईपर्यंत तीन चकरा झाल्या. माझा संताप पेट्रोलबरोबर जळाला.

दुसरी अडचण मात्र दुकानात नव्हती, ती रीत होती. आमच्याकडं लेकरू बघायला मोकळ्या हातानं जात नाहीत. ही चांगली रीत आहे, माझी काही तक्रार नाही. पण पिल्लू म्हणजे लेकरूच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. गावात असलं कुत्रं पहिल्यांदाच आलेलं. लोक बघायला यायचे आणि येताना खिशातून बिस्किटाचा पुडा निघायचा. शेजारच्या काकू सुनेच्या बाळंतपणातले उरलेले डिंकाचे लाडू घेऊन आल्या. डिंकाचे लाडू! बाळंतीण कोण होती? भिगवणचे आमचे एक ओळखीचे, मासळीच्या धंद्यातले, ते तर तळलेली चिलापी केळीच्या पानात बांधून घेऊन आले.

"काटं काढलेत," ते अभिमानानं म्हणाले.

"अहो पण डॉक्टरांनी..."

"डाक्टरला काय कळतंय? आमच्यात धरणाच्या कडंची कुत्री बघा. मासं खाऊन नुस्ती लोण्यासारखी."

मी चिलापी परत देऊ लागलो, तर त्यांचं तोंड असं उतरलं, जणू मी त्यांच्या पोरीचं स्थळ नाकारलं. शेवटी ती चिलापी मीच खाल्ली. फार सुरेख होती. लाडूही मीच खाल्ले. पिल्लाला आलेला सगळा आहेर माझ्या अंगी लागत होता आणि त्यातूनच ती ख्याती जन्माला आली: मालक फुगतोय, कुत्रं वाळतंय.

आणि ते दिसायचंही तसंच. डॉक्टरीणबाईंच्या दृष्टीनं ते उत्तम होतं: लांबसडक, कंबर आत, हात फिरवला की बरगडी लागायची. पण आमच्याकडं जनावराची बरगडी म्हणजे मालकाची अब्रू. म्हैस असो, गाय असो, शेळी असो, बरगडी चुकून जरी जाणवली तरी ती त्या घराची बदनामी. लग्नाच्या बैठकीला आलेला माणूस आधी गोठ्यात डोकावणार, मग चहा पिणार. अशा मुलखात मी मुद्दाम, शास्त्रोक्त पद्धतीनं, बारीक कुत्रं वाढवत होतो.

तरीही मी डगमगलो नाही. वाटीनं मोजायचो, तीन वेळा घालायचो. बाहेरचा कण आत जाऊ देत नव्हतो. आणि एवढं करून चार महिन्यांच्या पिल्लाचे पुढचे पाय वाकायला लागले.

सुरुवातीला मला वाटलं फरशीवर घसरतंय. मग दिसलं, की उभं राहिलं की पुढचे पंजे बाहेर फाकतात आणि मनगटं पुढं झुकतात. पळायला निघायचं आणि मध्येच बसायचं. संस्थानिकाचा तो रुबाब जाऊन डोळ्यांत एक अवघडलेपण आलं.

डॉक्टरीणबाईंनी पाय तपासले आणि माझ्याकडं रोखून बघितलं. "वरून काय देताय?"

"काही नाही!"

"काका."

"अहो, मी स्वतः मोजतो! लोकांचे लाडूसुद्धा मी खातो!"

"मग दुसरं कुणीतरी देतंय. शोधा. आत्ता थांबलं तर पाय सरळ होऊ शकतात. असंच चालू राहिलं, तर हा वजन वाढल्यावर उभा राहू शकणार नाही. शेवटी किती मोठा होणार आहे माहितीये ना?"

माहीत होतं. माझ्याएवढा. आणि माझ्याएवढ्या कुत्र्याला दोन्ही हातांनी उचलून उठवण्याचं चित्र डोळ्यांपुढून हलेना.

घरी येऊन मी फौजदारासारखी चौकशी मांडली. बायकोला विचारलं, तिनं लाटणं खाली ठेवून फक्त बघितलं. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. मग मी पाळत ठेवली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी उलगडा झाला. धारेच्या बादल्या वाजल्या तसं ते पिल्लू उठलं आणि वाकड्या पायांनी, पण मोठ्या लगबगीनं गोठ्याकडं निघालं. मी मागोमाग. गोठ्यात आबा दुभत्या गाईंना कॅल्शियम देत होते, कॅनमधून मापात काढून. गाई झाल्या. मग त्यांनी मापाचं झाकण परत भरलं आणि खाली धरलं. संस्थानिकांनी ते चाटूनपुसून साफ केलं.

"आबा!"

"काय झालं वरडाया?"

"हे गाईचं औषध हाय!"

"मग? वासरालाबी देतोच की. वाढीचं जनावर. हाडं बघ केवढी हाईत, त्यास्नी नको का काय? तू त्या पोत्यातल्या खड्यांवर ठेवलायस त्याला."

"डॉक्टरीणबाईंनी न्हाय म्हणून सांगितलंय! त्यानंच पाय वाकलेत!"

"पाय वाकलेत ते तू उपाशी ठेवतोस म्हणून. कॅल्शियम कमी पडतंय त्याला, म्हणून तर म्या देतोय. तुझ्या डाक्टरीणबाईनं किती वासरं वाढवली? इचार जा."

पाय वाकले म्हणून कॅल्शियम, आणि कॅल्शियममुळं पाय वाकलेले. मी हातवारे केले, आवाज चढवला, डॉक्टरीणबाईंची नक्कलही करून दाखवली. आबांनी बादली उचलली आणि डेअरीला निघून गेले. मी कॅन माडीवर लपवला, त्यांनी नवा आणला. मी पिल्लाला धारेच्या वेळी खोलीत कोंडलं, तर ते असं विव्हळलं की आबा दाराबाहेर उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मुकं जनावर हाय रं, पाप लागंल." बोलून बोलून मी थकलो आणि पाय काही सरळ होत नव्हते.

अशातच शेळगावला बहिणीकडं जेवायला गेलो, आबा आणि मी. जेवण झाल्यावर दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, आबांना ऊस दाखवायला घेऊन गेले. दाजींनी यंदा हौसेनं युरिया वरचेवर टाकला होता. ऊस वाढला होता खरा, काळा हिरवागार, पण वाऱ्याची एक झुळूक काय आली, सगळं शिवार चटईसारखं लोळलेलं. आबा बांधावर थांबले. त्यांना चेव आला.

"जावाईबापू, ह्ये काय केलं?"

"वाढावा म्हणून टाकला, मामा."

"वाढला की! वरनं वाढला, बुडात दम न्हाय. कांडं अजून कवळं, त्याला तुमी पळवत सुटला. त्याचं त्येला वझं पेलंना, मग लोळंल न्हाय तर काय करंल? नुस्तं खायला घातलं म्हंजे पीक हुतंय व्हय?"

मी बांधावर जागच्या जागी उडी मारली. वय आणि वजन विसरून मारली. डॉक्टरीणबाईंचं वाक्य, शब्द न् शब्द, माझ्या बापाच्या तोंडून!

"आबा, परत म्हणा!"

"काय परत म्हणा?"

"कांडं कोवळं, वझं पेलंना! परत म्हणा आणि आपल्या वासराचं पाय डोळ्यापुढं आणा!"

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग लोळलेल्या उसाकडं. मग खाली वाकून त्यांनी एक ऊस बुडाशी धरून उभा केला आणि सोडला. तो परत आडवा झाला. घरी आल्यावर ते थेट पिल्लाजवळ गेले, आणि त्याचे पुढचे पाय हातात घेऊन पुन्हा दाबून बघितले. दुसऱ्या दिवशी बादल्या वाजल्या, पिल्लू गोठ्यात गेलं. मी दारातून बघत होतो. त्यानं तोंड पुढं केलं. आबांनी रिकामा हात त्याच्या बरगडीवरून फिरवला आणि म्हणाले, "आज न्हाय. जा."

पाय सरळ व्हायला वेळ लागला. आधी मनगटं उभी राहिली, मग पंजे आत आले. डावा अजूनही जरा बाहेर बघतो, पण ते आम्हालाच कळतं. परवा दाजी आले होते. एव्हाना पिल्लाचं घोडं झालंय, तरी त्यांनी कमरेकडं बघून चुकचुकायला सुरुवात केली. "वाळलंय की, पाव्हणं."

मी तोंड उघडणार, तोच आबा पुढं आले. त्यांनी जावयाचा हात धरून कुत्र्याच्या बरगडीवर ठेवला. "लागली का? लागली पायजेच. आणि चार पायावर उभं हाय न्हवं? तुमच्या उसाला इचारा."

इतक्या दिवसांचा अपमान धुऊन निघाला असं वाटलं. तेवढ्यात दाजींनी विचारलं, "पर मधी पाय वाकलं हुतं म्हणं?"

"व्हय," आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्येनं कायबाय खायाला घालून पार वाटुळं केलं हुतं. म्या बंद केलं, तवा सुधारलं."

म्हणजे आधी मी उपाशी मारत होतो आणि आता मी खायला घालून पाय मोडणारा! आता पणदऱ्याच्या बाकावर हेच चालणार. मी दाजींकडं बघितलं, आबांकडं बघितलं, घशाशी आलेलं सगळं भाषण जुळवलं. तेवढ्यात ते घोडं गेटावरच्या मांजराच्या मागं निघालं आणि चारी पाय सरळ टाकत अंगणातून असं काही पळालं, की मी तोंड मिटून घेतलं.