समोरच्या घरातले पणजोबा

मला आयुष्यात सगळ्यात जास्त हेवा वाटला तो माझ्या जन्माआधीच वारलेल्या माणसाचा.

दुबईत अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्याच मजल्यावर समोर एक आयरिश कुटुंब राहतं. त्यांच्या हॉलमध्ये त्या गृहस्थाच्या पणजोबांचा फोटो आहे. झुपकेदार मिशा, बिनबाह्यांचा बनियन, हातात कडी बसवलेलं लोखंडी वजन. गावच्या जत्रेत अशी वजनं फेकत ते मोठे झाले, मग पोटासाठी बोटीनं अमेरिकेला गेले, तिथे दिवसभर गोदीत ओझी वाहिली आणि संध्याकाळी वजन फेकून बक्षिसं मिळवली. हे मला तोंडपाठ झालंय, कारण चहाला गेलं की शेजारी तेच सांगतो.

गोळाफेक मीही केली आहे. कॉलेजात असताना जिल्ह्यात पहिला यायचो. पण माझा फोटो कुणी भिंतीवर लावलेला नाही. मीसुद्धा नाही.

मुलीला शाळेतून निबंध आला, घर सोडून दूर गेलेल्या माणसावर. मी सुटकेसमधून माझी सर्टिफिकेटं काढून टेबलावर सहज पडल्यासारखी ठेवली. ती बाजूला सारून कार्टी वही घेऊन समोर गेली. माझा नुसता जळफळाट झाला.

तिला आणायला गेलो तर शेजाऱ्यानं विचारलं, तूही फेकायचास ना, मग सोडलंस का? मी ठोकून दिलं, "सिलेक्शनच्या आदल्या दिवशी खांदा निखळला. खलास." तो हळहळला. पुढचे दोन दिवस मुलगी माझ्या हातातल्या सामानाच्या पिशव्या काढून घेत होती, आणि मी घेऊ देत होतो.

शनिवारी संध्याकाळी शेजारी जिममधलं आठ किलोचं कडीचं वजन घेऊन बिल्डिंगमागच्या रिकाम्या प्लॉटवर उतरला. पणजोबा कसे फेकायचे ते त्याला मुलीला दाखवायचं होतं. त्यानं दोन पायांमधून झोका देऊन ते भिरकावलं. वाळूत धप्प आवाज झाला आणि मुलीनं टाळ्या पिटल्या. त्या टाळ्या काही मला सहन झाल्या नाहीत.

"यल्ला, आता मी," म्हणत मी पुढे झालो. कडीचं वजन झोका देऊन फेकायचं असतं हे नुकतंच पाहिलं होतं, पण अंगाला सवय गोळ्याची. मी ते उचलून मानेशी टेकवलं, कडी जबड्यात रुतली, तरी तसाच सरकत पुढे गेलो आणि उजव्या हातानं ढकललं. त्याच्या खुणेच्या दोन पावलं पुढे पडलं. मी हात उंचावून ओरडलोसुद्धा.

टाळ्या वाजल्या नाहीत. मुलगी माझ्या खांद्याकडे बघत होती.

"बाबा, युअर शोल्डर इज फाइन."

शेजारी समजूतदारपणे वजन आणायला गेला. मी तिथेच वाळूत बसलो आणि तिला खरं सांगितलं. खांद्याला कधीच काही झालं नव्हतं. सिलेक्शन आणि दुबईच्या नोकरीचा इंटरव्ह्यू एकाच दिवशी आले, मी इंटरव्ह्यूला गेलो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, हे सांगतानाच मला जाणवलं.

तिलाही तसंच वाटलं असावं. "दॅट्स ओके. ते पणजोबा ऑल्सो वेंट फॉर अ जॉब," ती म्हणाली. मला एकदम हलकं वाटलं. मग थोडा विचार करून तिनं विचारलं, "पण बाबा, इथे आल्यावर? आफ्टर ऑफिस?"

कंपनीनं दिलेल्या पहिल्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर मैदान होतं. संध्याकाळी साडेपाचला मी मोकळा असायचो. अठरा वर्षांत मी तिथे एकदाही गेलो नाही.