आईचा पितळी चमचा आणि ती मरळ

माझ्या आईचा चमचा तलावात घालवणारा माणूस आज सकाळी गेला.

आमचे हे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा आमचं लग्न झालं. आईने आंदणात पितळेचा चमचा दिला होता, दांडीवर स्वतःचं नाव घालून. लहानपणी मला याच चमच्याने भरवायची. लग्नानंतर वर्षभरातच ती गेली.

यांना मासोळ्यांचं भारी वेड. पण गांडूळ लावून गुपचूप बसणं यांच्या स्वभावातच नव्हतं. काठावरून चकाकणारा नकली मासा दूर फेकायचा आणि भराभर ओढायचा. मरळ त्याला खरा समजून झडप घालते.

मोटार रिवाइंडिंगचं दुकान, ड्रिल हाताशी. एका रविवारी मला न विचारता त्या चमच्याची दांडी कापली, खोलगट भागाला भोकं पाडून गळ लावला आणि गेले बेसा गावापलीकडच्या तलावावर.

संध्याकाळी परत आले ते हात हलवत. मोठी मरळ लागली होती म्हणे. काठाशी येऊन तिने तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तोडला आणि चमचा घेऊन गेली.

मी रडायला लागले. यांनी खिशातून दांडी काढून माझ्या हातात ठेवली.

"काहून रडून राहिली वं? आईचं नाव तर घरीच हाये ना!"

नाव वाचवलं म्हणजे चमचा वाचला, असं खरंच वाटलं होतं या माणसाला!

"आई काय दांडीनं भरवे का मले?"

यांचं तोंड एवढंसं झालं.

पुढच्या रविवारी म्हणाले, "चाल, चमचा शोधाले."

आमचं एकत्र कुटुंब. नवरा-बायको दोघंच फिरायला निघाले तर घरभर कुजबुज. पण चमच्यासाठी सासूबाईच म्हणाल्या, "जा वं, पितळीचा हाये."

मग दर रविवारी सायकल, डबलसीट. भाकर, ठेचा, कांदा.

हे फेकायचे, ओढायचे. मी तलावाच्या पाळीवर, बांधावर, बसून बोलायचे. घरात आठवडाभर साठलेलं सगळं.

माझा राग कधीच निवळला होता. यांनाही ते ठाऊक होतं. तरी दर रविवारी सगळ्यांच्या देखत मोठ्याने विचारायचे, "चमचा शोधाले येतं का?"

आमचं पहिलं बाळ गेलं, तेव्हाही तिथेच नेलं मला. घरात मोठ्याने रडायची सोय नव्हती.

त्या दिवशी यांनी डब्याला गुंडाळलेला गळाचा दोरा सोडलासुद्धा नाही. नुसते जवळ बसून राहिले. मी पोटभर रडले.

त्या तलावाने मला जगवलं. खरं तर यांनी.

परवा रामदासपेठेतल्या दवाखान्यात मास्क बाजूला करून म्हणाले, "सुट्टी झाली का रविवारी जाऊ. चमचा राह्यलाच ना वं."

मी म्हटलं, "जाऊ."

आज न्यायच्या वेळी मुलाने विचारलं, "आई, दांडी बाबांसोबत ठेवू का?"

मी नाही म्हटलं.

अहो, आई भेटेल तुम्हाला तिथे. चमचा कुठे गेला ते तुमचं तुम्हीच सांगा तिला. मी मध्ये पडणार नाही.

आणि ती फारच रागे भरली, तर सांगा, नाव घरीच आहे.

रविवारी मला कोण विचारेल हो आता?

शेवटचा नमस्कार.
या.