पेटीबाई आणि आडवा वाघदेव

पेटीबाई नसत्या तर माझ्या हातात सुई आली असती, नक्षी आली नसती. म्हणून त्यांचं नाव आधी. खरं नाव मला आजही ठाऊक नाही. मोपेडच्या मागे पत्र्याची पेटी बांधून यायच्या, म्हणून पेटीबाई. हसू आलं की हातातलं काम टाकून त्या सरळ खाली बसायच्या, मग खाली रेती असो की खडी.

आम्ही पेठ तालुक्यातले. आय-बाबा नाशिकला गंगापूर रोडच्या इमारतींवर कामाला, आणि शाळेतून आलो की आम्ही दहा-बारा पोरं रेतीच्या ढिगावर. बाई शहरातल्या एका संग्रहालयात नोकरीला होत्या. दर बुधवारी तिथल्या वस्तूंच्या मातीच्या नकला पेटीतून आणायच्या. हत्ती, दिवे, नाक तुटलेली बाहुली. मी लांबूनच बघायचे, फुटलं तर आय मारेल या धास्तीने. बाई म्हणाल्या, "अगं, हात लाव. फुटलं तर दोन होतील." आणि बसल्या की रेतीत.

चित्र काढताना मी कागदाला भोक पडेपर्यंत खोडायचे. एकदा त्यांनी माझं खोडरबर उचललं आणि पेटीत टाकून कडी लावली. "चुकलं की खोडायचं नाही. मोठं करायचं." माझ्या कोंबडीची मान वाकडी झाली होती. मोठी करत गेले तर तिचा मोर झाला.

दिवाळीच्या जरा आधी त्यांनी आम्हाला टेम्पोत घालून संग्रहालयात नेलं. एका दालनात ओट्यावर लाकडाची फळी आडवी ठेवलेली, वर कोरलेले चंद्र, सूर्य आणि वाघ. शेजारी चिठ्ठी, 'कोरीव फळी'. मग माझी मैत्रीण मंगी म्हणाली, "बाई, आमच्या देवाला निजवलाय कशाला?" गावाच्या शिवेवर उभा असतो तो आमचा वाघदेव. बाई चिठ्ठीकडे बघत राहिल्या. "मला नव्हतं गं ठाऊक," म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी येऊन त्याचं चित्र काढू."

पुढचा बुधवार नेमका वाघबारशीचा. त्या दिवशी गावाकडे वाघदेवाची पूजा असते. आय-बाबांना सुट्टी नव्हती. "औंदा देवाला नारळ नाय," एवढं बोलून आय पाट्या उचलायला गेली. गावाला न्यायचा नारळ बोचक्यात तसाच होता. तो मी झग्यात लपवला. मंगीने शेंदराची पुडी घेतली.

संग्रहालयात बाई शेजारच्या दालनात खडू वाटत होत्या, तेवढ्यात आम्ही चौघींनी देव उचलून भिंतीशी उभा केला, शेंदूर लावला आणि मी दगडी पायरीवर नारळ आपटला. त्या शांत दालनात असा आवाज झाला की माळ्यावरची कबुतरं उडाली. पहारेकरी मामा धावत आले, नारळाच्या पाण्यावरून घसरले आणि देवासमोरच मांडी घालून बसले. मागोमाग संग्रहालयाचे मोठे साहेब.

"उद्यापासून ही पोरं बंद," साहेब म्हणाले.

माझ्या एका नारळापायी सगळ्यांचा बुधवार गेला होता.

बाई आल्या. त्यांनी मामांकडे पाहिलं, शेंदूर माखलेल्या वाघाकडे पाहिलं, आणि त्याही खाली बसल्या. हसून डोळे पुसले, मग उठून खोबऱ्याचा तुकडा साहेबांच्या हातावर ठेवला. "आज वाघबारस आहे साहेब. प्रसाद." साहेबांनी सवयीने तो कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. तोंडात खोबरं असताना माणसाला नीट ओरडता येत नाही.

"चूक तर झालीच आहे," बाई म्हणाल्या, "आता मोठी करू या." आणि मला पुढे ढकललं. "सांग त्यांना."

मी सांगितलं, की वाघाने गुरं खाऊ नयेत म्हणून हा राखण करतो. आडवा निजला तर वाघ आलेला त्याला दिसायचा कसा?

साहेबांनी खोबरं गिळलं. "मामा, सुताराला बोलवा. ओट्याला खाच पाडायला सांगा." मग मला म्हणाले, "शेंदूर पुसावा लागेल, चालेल?"

"थोडा ठेवा," मी म्हणाले.

पुढच्या बुधवारी देव उभा होता, वाघाच्या कपाळावर एवढासा शेंदूर. नवी चिठ्ठी होती, 'वाघदेव. शिवेवर उभा असतो.' आणि खाली बाईंच्या अक्षरात, 'नारळ बाहेर फोडावा.' संध्याकाळी मी आयला सांगितलं, की देवाला नारळ पोचला. आधी तिने एक धपाटा घातला, मग कुशीत घेतलं.

एकदा बाई म्हणाल्या, "तुमचा देव त्याच्या जागेवर उभा मी कधी पाहिलाच नाही गं. नेशील मला?" मी हो म्हणाले. पण इमारत पुरी झाली आणि एका सोमवारी आम्ही ट्रकमध्ये बसलो. सांगायला बुधवार उरलाच नाही. सातवीत माझी शाळाही तिथेच सुटली.

आता मी तिरुपूरला कापडावर नक्षी भरते. इथलं तमिळ बोलणं अजून नीट कळत नाही, टाका चुकला की हाताला घाम फुटतो. मग चुकलेली पाकळी मी मोठी करते, आणि मुकादम मान डोलवून पुढे जातो.

पेटीबाई, एका वाघबारशीला मी येणार आहे. मोपेडवर पेटीच्या जागी मी बसेन आणि पेठच्या घाटातून शिवेपर्यंतची वाट सांगेन. नारळ माझ्याकडे असेल. फोडायचा मात्र तुम्ही.