मातृभाषेत नापास

मायच्या तेरवीला पंगती बसायच्या आधी हायस्कुलाचे हेडमास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "दोन शब्द बोलतो." बोलले बरेच. त्यातलं एक वाक्य मी दारापुढच्या छपरीच्या खांबाला टेकून ऐकलं. "बाई साध्वी होत्या, मितभाषी होत्या, घराबाहेर त्यांचा आवाज कधी कोणी ऐकला नाही." बाबांनी मान डोलावली. दादानं रुमाल डोळ्यांना लावला. मागच्या दारी भाजी निवडत बसलेल्या बाया, ज्यांनी माझ्या मायबरोबर वर्षानुवर्षं गुडघाभर चिखलात धानाचा रोवणा केला, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा खाली माना घातल्या... त्या वेळी मला हेडमास्तरांना हाताला धरून खाली बसवावंसं वाटलं. घरात पाहुणे होते, मी पत्रावळी मांडायला गेले. पण या गोष्टीला आता काही आठवडे झाले तरी राग उतरायला तयार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माझी माय मितभाषी नव्हती. वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावात तिच्याइतकं बोलणारं माणूस दुसरं नव्हतं. ती विहिरीवर बोलायची, बांधावर बोलायची, धान कांडताना मुसळाच्या तालावर बोलायची, आणि ऐकायला कोणी नसलं तर कोठ्यातल्या बैलांना गावच्या बातम्या सांगायची. बाबा म्हणायचे, हिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की जंगलातला वाघसुद्धा वाट बदलून जातो. ते चेष्टेनं म्हणायचे आणि ती हसायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण दादा हायस्कुलात जायला लागल्यापासून रोज संध्याकाळी ती त्याला चुलीजवळ बसवायची आणि म्हणायची, "आज का शिकवलं, सांग मले." त्यानं सांगायला सुरुवात केली की हिचे प्रश्न सुरू. औरंगजेब दक्षिणेत उतरला तो धडा मला अजून तिच्याच आवाजात आठवतो. "काऊन रे बाबू, तो बादशा येवढी फौज घेऊन आला, तं येवढ्या मान्सायले खाले कोन घालत होता? धान कुठचा?"  दादा दुसऱ्या दिवशी मास्तरांना विचारी आणि घरी येऊन तिला सांगे. नद्या, डोंगर, सनावळ्या, सगळं तिनं असंच भांडून भांडून त्याच्याकडून पाठ करून घेतलं. शिकवणी लावतात म्हणजे काय करतात हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. इतिहास-भूगोलात दादाला जे मार्क पडायचे ते मायच्या तोंडाचे होते, हे मी आज ठासून सांगते.

दादा पहिल्यांदा मॅट्रिकला बसला ते चोपन्न साल. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि निकाल नागपूरच्या वर्तमानपत्रात छापून यायचा. छोट्या लाइनच्या गाडीनं तो पेपर ब्रह्मपुरीला उतरला की फलाटावरच माणसांचा गराडा पडायचा. बाबा आणि दादा तिथे जाऊन आले, आणि दादाचा नंबर पेपरात नव्हता. पुढे मार्क आले तेव्हा कळलं की पोरगा गणितात पास, इंग्रजीत पास, इतिहासात तर उत्तम, आणि गेला कशात, तर मराठीत. बाबा शाळेच्या कमिटीवर होते. ते तडक हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तर तेव्हाही हेच, पुण्याकडचे, स्वच्छ धोतर, स्वच्छ भाषा. त्यांनी दादाची निबंधांची वही काढून 'मले' आणि 'तुले' यांच्याखालच्या तांबड्या रेघा दाखवल्या आणि विचारलं, "घरात सगळ्यांत जास्त कोण बोलतं?" बाबा म्हणाले, त्याची माय. "मुलगा मातृभाषेत नापास होतो तेव्हा दोष कुणाचा, तुम्हीच समजा," हेडमास्तर म्हणाले. "वर्षभर त्यांना जरा आवरा. उद्या नागपूरच्या कॉलेजात मुलाखतीला गेला आणि 'मले' म्हणाला तर लोक हसतील." हे सगळं बाबांनीच घरी येऊन आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, जणू डॉक्टरनं रोग ओळखला होता.

इथे मला एक विचारायचं आहे. त्याच साली मी सातवीत होते. त्याच मायच्या पोटची, त्याच चुलीजवळ बसून तिचं सगळं बोलणं ऐकलेली. मराठीत वर्गात सगळ्यांत जास्त मार्क माझे असायचे. शाळेत लिहायचं कसं आणि घरात बोलायचं कसं, हे मला कोणी न सांगता कळत होतं. मायच्या बोलण्यानं भाषा बिघडत असती तर माझी आधी बिघडली असती. पण ही गोष्ट ना हेडमास्तरांना सुचली, ना बाबांना. पोरीच्या मार्कांवरून घरातले निर्णय होत नसतात.

बाबांनी मायला समोर बसवून सांगितलं, "पोराच्या सालाचा सवाल हाये. तू त्याच्यासंग बोलू नोको. तो घरात असला का गप राह्यची."

"येकदम गप?"

"पास होतपर्यंत."

मायला आधी हसू आलं. मग तिनं दादाकडे पाहिलं. तो निकालापासून खाली मान घालूनच वावरत होता. ती म्हणाली, "साल का घेऊन बसले, दोन सालं नाई बोलत. पास तं होऊ दे त्याले." तिला कोणी जबरदस्ती केली नाही असं बाबा आजही सांगतात. खरं आहे. पोरासाठी मागितलं तर ती काहीही देईल हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी नेमकं तेच मागितलं.

त्या दिवसापासून घराची कळा गेली. दादाला जेवायला बोलवायचं तर माय ताटलीवर पळी वाजवायची. कंदिलात तेल भरून ठेवायची, दूध आटवून ठेवायची, पुस्तकं पुसून ठेवायची, आणि हे सगळं मुक्यानं. तिला 'माय' म्हणणंही बंद झालं, दादानं 'आई' म्हणायचं असं ठरलं. बाबांनी मग स्वतःचीही भाषा सुधारायला घेतली. आमच्या बोलीत 'ण' नाही, सगळा 'न'. तेव्हा बाबांनी दिसेल त्या 'न'च्या जागी 'ण' ठोकायला सुरुवात केली. "मण लावूण अभ्यास कर, णंतर जेवू." पोरगा मणभर अभ्यास करणार की काय असं मला वाटायचं. माय पदर तोंडात कोंबून कोठ्यात पळायची आणि बैलांच्या आड उभी राहून पोट धरधरून हसायची. मीही तिच्या मागे जायची. तिच्या सगळ्या गप्पा तिथे, शेणाच्या पाट्या भरता भरता व्हायच्या. पण "आज का शिकवलं" हे विचारणारं घरात आता कोणी नव्हतं. दादा पुस्तक छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून घोकत बसायचा. माय उंबऱ्यावर धान निवडत त्याच्या पाठीकडे बघत राहायची. एकदा त्यानं पानिपतचा धडा वाचताना मधेच थांबून तिच्याकडे वळून पाहिलं. त्याला तिनं काहीतरी विचारायला हवं होतं. तिचे ओठ हलले... आणि तिनं सूप उचलून आत नेलं.

पुढच्या साली दादा पास झाला. मराठीत बरे मार्क पडले. इतिहासात काठावर सुटला. त्या इतिहासाचं काय झालं हे कोणी कोणाला विचारलं नाही. गावात पेढे वाटले, हेडमास्तरांना शेला दिला. माय अजून गप्पच होती, कारण नागपूरची मुलाखत व्हायची होती. बाबा आणि दादा कॉलेजात नाव घालायला नागपूरला गेले आणि तीन-चार दिवसांनी परत आले ते खुशीत. मुलाखतीत काय विचारलं म्हणाल तर वडील काय करतात आणि राहायची सोय कुठे आहे, एवढंच. आणि फॉर्म घ्यायला खिडकीशी बसलेला कारकून म्हणे बाबांना म्हणाला, "भाऊ, मले पोराचा येक फोटो पाह्यजे." बाबा ही गोष्ट छपरीत बसून सगळ्यांना रंगवून सांगत होते. कॉलेजचा माणूस 'मले' म्हणतो, बोर्डिंगातली अर्धी पोरं 'मले' म्हणतात. माणसं हसत होती. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते मला अजून विसरता येत नाही. साल सरलं होतं, पोरगा पास झाला होता, नागपूरही झालं होतं, आणि ज्याच्यासाठी तोंड शिवलं ते तर तिथले लोक खुशाल बोलत होते. ती दादाला म्हणाली, "मंग आता मी बोलू का रे बाबू?"

दादा म्हणाला, "'मंग' नाही आई, 'मग'."

त्याला तिला दुखवायचं नव्हतं. तो थट्टेनं म्हणाला, सगळ्यांच्या हसण्यात हसत. बाबांना तर पोराच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मायही हसली. हसली आणि आत गेली, आणि त्यानंतर ती दादापुढे बोलली नाही. हुं, नाई, जेव, झोप, एवढंच. तो सुटीत यायचा, बरोबर मित्र आणायचा, ती त्यांना वाढायची आणि आत निघून जायची. "आमची आई फार अबोल आहे," तो त्यांना सांगायचा, आणि खरंच तसं समजायचा. पुढे बाबांपुढेही तिचं बोलणं आटलं, कारण त्यांचा 'ण' काही सुटला नव्हता. मी शिक्षिकेची नोकरी धरून गोंडपिपरीकडे गेले. मग कोठ्यात तिच्याबरोबर पाटी धरायलाही कोणी उरलं नाही.

या पावसाळ्यात रोवणा आटोपला आणि ती तापानं पडली. बाबांनी तिला दवाखान्यात नेलं, दादा नागपूरहून आला, मीही पोचले. डॉक्टर परगावचे होते, पण माणूस चांगला. त्यांनी खाटेवर वाकून विचारलं, "बाई, काय होतंय? कुठे दुखतं?" मायनं दादाकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. दादा म्हणाला, "ताप आहे. ती फारसं बोलत नाही." डॉक्टरांनी तापाचं औषध लिहून दिलं. दादा ते आणायला गेल्यावर तिनं माझं मनगट धरलं. "पोटात आगीवानी होऊन राह्यलं वं. उजव्या अंगाले. कालपासून."

"मंग डॉक्टरले काऊन नाई सांगितलं, माय?"

"बाबू होता ना तिथी."

मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते लगेच आले, त्यांनी तपासलं, धावपळ केली, पण आतलं दुखणं फार पुढे गेलं होतं. दुसऱ्या दिवशी माय गेली. दुखायला लागलं त्याच दिवशी तिनं सांगितलं असतं तरी फारसा फरक पडला नसता असं डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. पण मरणाच्या वेदनेतसुद्धा पोटच्या पोरासमोर 'दुखून राह्यलं' म्हणायची तिला लाज वाटली. ती लाज तिच्यात ज्यांनी घातली, ते तेरवीला उठून दोन शब्द बोलले.

हे लिहितानाही मी 'मला' लिहिते आहे. 'मले' लिहिलं असतं तर वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी हा लेख परत पाठवला असता. म्हणजे माझ्या मायवरच्या लेखात माझ्या मायची भाषा चालत नाही. शाळेत माझ्या वर्गातली पोरं 'मले' म्हणतात तेव्हा मी त्यांना टोकत नाही. वहीत कसं लिहायचं ते शिकवते, आणि सांगते की घरी जाऊन मायला आजचा धडा सांगा, तिला काय वाटतं ते उद्या मला येऊन सांगा. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना हे पसंत नाही. नसू दे.

सध्या रजा काढून बाबांकडे राहिले आहे. परवा दिवेलागणीला मी भाकरी थापत होते. बाबा छपरीत बसले होते. त्यांनी आत तोंड करून हाक दिली, "आयकून राह्यली का वं? मले जरासं पानी दे." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी 'मले' ऐकलं नव्हतं. ती हाक मला नव्हती, ते भुलले होते. मी म्हटलं, "माय नाई आता, बाबा," आणि जागची उठले नाही. बऱ्याच वेळानं ते स्वतः आत आले, माठातून पाणी घेतलं, आणि तिथेच माझ्याकडे पाठ करून उभे राहून हळू आवाजात मायशी बोलायला लागले. बांधावरच्या वावरात धान कसा वाढला, बैलाचा पाय कसा सुजला, दोर तुनं कुठी ठेवला तो सापडून नाई राह्यला, पोरगी माह्यासंग बोलून नाई राह्यली... एकही 'ण' नाही, सगळं तिच्या बोलीत, तिला आवडायचं तसं, लांबलचक. एवढं बोलणं त्या माणसाजवळ होतं. मी तव्यावरची भाकरी उलटली. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.