नदीकाठच्या लाल घरात वाजवलेल्या टाळ्या

हॅम्बर्गमध्ये ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. पण चहा झालाय आणि पाऊस काही थांबायचं नाव घेत नाहीये, तर ऐका. मी एका दुःखी बाईसमोर टाळ्या वाजवल्यात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सासूबाई, माझी मुलगी इरा आणि मी फिनलंडला गेलो होतो. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच कुठे बाहेर पडल्या होत्या. त्यांना जरा शांत वाटावं म्हणून मी नदीकाठचं एक लहानसं गाव निवडलं. बर्चची झाडं, संथ पाणी आणि जुन्या राहणीचं एक संग्रहालय. लाल लाकडी घर, आत माणसं त्या काळातल्यासारखी वागतात, असं मी वाचलं होतं.

आता त्या गावात नदीकाठची सगळीच घरं लाल आणि लाकडी. एकाचं दार उघडं होतं, फाटकावर पाटी होती. फिनिश मला येत नाही, पण शब्द 'म'ने सुरू होत होता. मला तेवढं पुरलं.

आत एक म्हातारी बाई बसली होती. लोकरीचा जाड स्वेटर, पांढरी वेणी. 'या, पाहा' असं इंग्रजीत म्हणाली. हॅम्बर्गहून आलोय म्हटल्यावर चक्क जर्मन बोलायला लागली, तरुणपणी तिथल्या बंदरावर कामाला होती म्हणे. मी मनात म्हटलं, काय तयारी करून घेतात हो यांच्याकडून!

मग मी मोकाट सुटले. कपाटं उघडली, चुलीत डोकावले. ही पगारी बाई आहे, जुन्या काळातली असल्याचं दाखवते, असं सासूबाईंना समजावलं. फ्रिज दिसला तेव्हा जरा खटकलं, पण म्हटलं, कर्मचाऱ्यांचा असेल.

बाईने कॉफी दिली आणि विचारलं, आवडलं का? मी म्हटलं, "गेनाऊ! अगदी बरोबर, असंच हवं होतं." तिचा चेहरा उजळला. मग ती खिडकीखालच्या बाकाबद्दल सांगू लागली. तो तिच्या नवऱ्याने केलेला. शेवटचा हिवाळा त्याने त्यावरच बसून नदी बघत काढला. सांगता सांगता तिचा आवाज कापला, डोळे भरून आले.

आणि मी टाळ्या वाजवल्या. चांगल्या जोरात. 'ब्रावो'सुद्धा म्हणाले.

इराने माझी बाही ओढली. "दास इस्ट काइन म्युझेउम." हे संग्रहालय नाहीच. तिने फोनवर पाटीचा अर्थ बघितला होता. घर विकणे आहे.

बाई माझ्या हातांकडे बघत राहिली. सासूबाईंना जर्मनचं अक्षर कळत नाही. त्या उठल्या, तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"माझेही गेले हो, मार्गशीर्षात," त्या मराठीत म्हणाल्या.

बाईने त्यांचा हात घट्ट धरला. थोड्या वेळाने मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सगळा घोटाळा सांगितला, माफी मागितली. बाईने डोळे पुसले. म्हणाली, "त्याच्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्याला आवडलं असतं." मग म्हणाली, "म्हणजे घर तुम्ही घेत नाही तर."

संग्रहालयाची वाट तिनेच दाखवली. सासूबाईंना निघवत नव्हतं, आणि मला तिथे उभं राहवत नव्हतं.

संग्रहालयात सूत कातणारी एक बाई भेटली. तिने सांगितलं, नवरा ओंडके घेऊन नदीवर गेला, तो परत आलाच नाही. या वेळी मी चुकणार नव्हते. तिच्यासमोर खाली बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि माझेच डोळे भरून येईपर्यंत तिचं सांत्वन केलं.

ती बिचारी गांगरली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "अहो, तो बाहेर तिकिटं फाडतोय. आत्ता तुम्हाला त्यानेच आत सोडलं ना?"