बाभळीची खुंटी

सायखेड्याला निघालो तेव्हा स्कूटरच्या मागे बांधलेलं सुकाणू दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर आलं होतं. त्याच्या तळाला विमानासारखा आडवा पंख आहे. नाशिकच्या रहदारीने मला आयुष्यात पहिल्यांदा आपणहून वाट दिली.

सुकाणू माझ्या दादाच्या जोडनावेचं (दोन अरुंद होड्या शेजारीशेजारी जोडलेली शिडाची नाव). प्रत्येक होडीला एक, अशी दोन सुकाणू; त्यातलं हे एक. पंखामुळे जोराच्या वाऱ्यातही नावेची नाकं पाण्यात घुसत नाहीत. पण मागच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं, बुडालेल्या गावातल्या एका भिंतीत सुकाणू अडकलं, मागची फळी उपटली आणि दादा पाण्यात पडला. पुढे पक्षाघाताने त्याचा उजवा हात गेला. वहिनींनी निक्षून सांगितलं, "ठेच लागली की सुकाणू आपोआप वर उठलं पाहिजे. तोवर नावेत पाऊल नाही."

दादाने डाव्या हाताने चित्र काढलं. सुकाणूचं पातं मागे उठावं, आणि उठताना पंखाने नावेचं नाक खाली घालू नये म्हणून मागे एक समांतर दांडा. झोपाळा हलला तरी पाट आडवाच राहतो, तसं. पातं खाली धरायला एक लाकडी खुंटी. बांधलं मी. खुंटीऐवजी स्टीलचा बोल्ट घातला. इंजिनिअर माणूस, लाकडाची लाज वाटली. चाचणीत सुकाणू हललंच नाही.

सायखेड्याचे मिस्त्री शेतीची अवजारं बनवतात. गरम भजी माझ्यापुढे सरकवून ते बराच वेळ सुकाणू बघत राहिले.

"लय (फार) मजबूत केलंय, भाऊ."

मी खूश झालो.

"तिथंच चुकलंय. अवजाराचा फण दगडाला लागला तर मोडायचं काय, हे आधी ठरवावं लागतं. खुंटी मोडली तर फण वाचतो. तुम्ही खुंटीच ठेवली नाय, मग नाव मोडंल."

"दादाने चित्रात दाखवली होती."

"मग त्यांना आणायचं. तुम्ही कशाला आला?"

जाताना त्यांनी बाभळीच्या मूठभर खुंट्या कागदात बांधून दिल्या.

मी दोन्ही सुकाणूंतले बोल्ट काढून त्या जागी खुंट्या ठोकल्या. रविवारी सकाळी धरणावर वहिनी काठाशी उभ्या राहिल्या, मी दादाबरोबर नावेत बसलो. दादाने डाव्या हातात सुकाणूचा दांडा धरला आणि नाव सरळ त्याच भिंतीकडे नेली.

"दादा, भिंत!"

"माहीत आहे."

कट्ट! पाठोपाठ दुसरी खुंटी. दोन्ही सुकाणू उठली, पंख आडवेच राहिले आणि नाव भिंतीवरून अलगद सरकली. मी श्वास सोडला. दादा मागे वळून भिंतीकडे बघत होता. डोळे भरले होते.

नाव काठाला लागली. जन्मभर मी न मोडणाऱ्या वस्तू करत आलो. उपयोगी पडला तो मोडलेला लाकडाचा तुकडा. वहिनींनी माझ्या हातातली पुडी घेतली, दोन खुंट्या काढल्या आणि दादाच्या डाव्या हातात ठेवल्या.