नाव खोडणारे गावंडे

गावंड्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या टेबलाशी बसून माझ्याच पेनावरचं नाव ब्लेडने खरवडत होते. मी त्या दिवशी सकाळीच नोकरीवर रुजू झाले होते.

"अहो, ते पेन माझं आहे," मी म्हटलं.

"तुमचंच हाये न," मान वर न करता ते म्हणाले. "आतापर्यंत कंपनीचं होतं, आता तुमचं झालं. लिहून पाहा, कसं चालते ते सांगा."

मी लिहून पाहिलं. पेन गळत होतं. ते गळतं हे मला आधीपासून माहीत होतं, पण मामेबहिणीने परदेशातून आणलेलं असल्यामुळे मी त्याची कधी तक्रार केली नव्हती. बोटं पुसत राहिले होते.

"पाह्यलं?" गावंडे म्हणाले. "नाव वाचलं का मानूस पाहाचं सोडते."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं, की ते उच्चारायच्या आधी गावंडे खांदे कसे उडवतात तेही मला पाठ झालं. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाला नाव नव्हतं, स्कूटरला नव्हतं, घरातल्या पंख्याला नव्हतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्याही त्यांनी काढून टाकल्या होत्या. त्यांच्या पत्नी मीनावहिनी यांनी एकदा साबुदाण्याच्या खिचडीत मीठ म्हणून खायचा सोडा घातला. गावंड्यांनी एक घास खाऊन सांगितलं, "याच्यात मीठ नाई, हे मले नाव न वाचता समजलं." वहिनींनी ती खिचडी त्यांना संपवायला लावली.

गावंडे मूळचे अमरावतीकडचे. पुण्यात शिकायला आले, इथेच राहिले, पण बोलणं वऱ्हाडीच ठेवलं. विद्यार्थी असताना त्यांनी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून हौसेने एक महागडी परदेशी चिप विकत आणली होती. ती चालेना, म्हणून नखाने खरवडून पाहिली, तर वरच्या नावाखाली दुसऱ्याच एका फालतू चिपचं नाव निघालं. बाजारात असे उद्योग सर्रास चालत. स्वस्त चिप घासायची आणि वर भारी नाव छापायचं. "तवापासून ठरोलं," ते म्हणत. "नाव खोडाचंच हाये तर आपनच खोडू. फुकटात."

आमची संस्था सरकारी होती आणि काम मोठं होतं. देशाचा स्वतःचा प्रोसेसर तयार करायचा. प्रोसेसर म्हणजे संगणकाचं डोकं. हे डोकं तेव्हा दोन-चार परदेशी कंपन्या बनवत आणि आपल्याला देताना हजार प्रश्न विचारत. कशाला हवं, कुठे लावणार, शेजाऱ्याशी भांडण आहे का. तेव्हा आपलं आपण बनवू असं ठरलं. नकाशा आम्ही काढायचा, तो चिपवर छापून घ्यायचा एका परदेशी कारखान्यात, कारण तसा कारखाना आपल्याकडे नव्हता. गावंडे नकाशा काढत. तो कारखान्याच्या नियमांत बसतो की नाही हे मी तपासत असे. त्यामुळे आमचं रोज भांडण होई आणि रोज आम्ही चहा एकत्र पीत असू.

संचालकांनी प्रोसेसर जन्मायच्या आधीच त्याचं नाव ठेवलं, 'कौस्तुभ'. गावंडे त्याला कौस्त्या म्हणत. परदेशी चिपांना ते जावई म्हणत.

"जावई तापला तर आपन पंखा लावतो. कौस्त्या तापला तर म्हनतीन, कुठं उनाडून आलास बे?"

नकाशा पाठवायच्या आठवड्यात माझ्या तपासणीत एक खोट निघाली. चिपच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे काहीच नको होतं, तिथे बारीक रेघांचा पुंजका दिसत होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"खुनेच्या रेघा."

"कसल्या खुणा?"

"कारखान्यावाल्यांले उलटं-सुलटं समजाले पायजे का नाई, जोगबाई?"

रेघा कशालाही चिकटलेल्या नव्हत्या, अपाय नव्हता. मला आणखी पुष्कळ तपासायचं होतं. मी त्यांना मोकळीक दिली.

चिप आली, आणि चालली. कोणी रडलं-बिडलं नाही. संचालकांनी पेढे वाटले. गावंड्यांनी खोक्यावरचं हलवायाचं नाव खरवडलं आणि पेढे आता आधीपेक्षा गोड लागतात का, असं सगळ्यांना विचारत फिरले.

पण तोवर परदेशी मालाला देशाचे दरवाजे उघडले होते. ज्या चिपांसाठी आपण हात जोडत होतो त्या आता विक्रेते दारावर येऊन देऊ लागले. दिल्लीत कोणीतरी साहजिक प्रश्न विचारला, की मग आपली कशाला हवी? निरोप आला, की देशातला एखादा कारखाना तुमची चिप खरोखर वापरतो हे समितीला दाखवा, नाहीतर वर्षाअखेर प्रकल्प बंद आणि माणसं इतर खात्यांत. आम्हाला ग्राहक हवा होता. एकच, पण खरा.

गावंडे आणि मी कारखान्यांच्या पायऱ्या झिजवू लागलो. सगळीकडे चहा मिळे, देशाबद्दल अभिमान मिळे, आणि "पुढच्या वर्षी बघू" मिळे. शेवटी हडपसरला बाळासाहेब झेंडे भेटले. त्यांचा कारखाना गावोगावच्या डेअरींसाठी दूध मोजायची यंत्रं बनवत असे. झेंडे स्पष्ट बोलणारे.

"साहेब, तुमची चिप चांगलीच असंल. पन डेअरीवाला झाकण उघडून बघतो. आत फॉरेनचं नाव दिसलं की गप बसतो. देशी दिसलं की दूध कमी भरलं म्हनून बोंब मारतो. बोंब कोन ऐकनार? तुमी का मी?"

"तुमाले सोताले फरक समजते का?" गावंड्यांनी विचारलं.

"म्हंजे काय! हात लावला की कळतंय."

गावंड्यांनी खांदे उडवले, आणि पुढे काय होणार ते मला कळलं.

दोन यंत्रं घेतली. एकात जावई, एकात कौस्त्या, दोघांचीही नावं साफ खरवडलेली. उन्हाळाभर दोन्ही यंत्रं झेंड्यांच्या बॉयलरशेजारी चालवायची आणि मग झेंड्यांनी निवडायचं. कोणत्या यंत्रात कोण, हे फक्त मला माहीत असणार होतं. गावंड्यांनी स्वतःलाही त्यातून वगळलं. "मले सांगू नका. मी बाप हाये, तोंडावरून सांगून टाकीन." मी आमच्या यंत्राच्या बुडाला आतल्या बाजूने एक लाल टिकली चिकटवली. त्या काळात ती माझ्या पर्समध्ये नेहमी असे.

उन्हाळा सरला. दोन्ही यंत्रं चालत होती. झेंड्यांनी दोन्हींवर दूध मोजलं, पाणी मोजलं, स्वतःचा चहाही मोजला. मग एका यंत्रावर थाप मारली.

"ही. फॉरेनची. हिचा आवाजच येगळा."

चिपला आवाज नसतो. मी यंत्र उलटं केलं आणि बूड उघडलं. टिकली होती.

झेंड्यांनी वाकून टिकलीला बोट लावलं. "ही तुमची व्हय?" मग हसले. मोठ्या मनाचा माणूस. "घेतो साहेब. पुढची समदी मशिनं हिच्यावरच काढतो. पन एक अट हाय. नाव न्हाय पायजे. आत्ता जशी हाय तशी द्यायची, खरवडल्याली. डेअरीवाल्याला काय समजायचं ते समजू दे."

गावंड्यांनी या वेळी खांदे उडवले नाहीत. परतीच्या बसने आम्ही स्वारगेटला आलो. उतरताना म्हणाले, "दुनियेची नावं खोडली. आता पोराचं बी मीच खोडाचं."

"मग नाही म्हणून सांगू या," मी म्हटलं.

"नाई म्हनलं तर पोरगंच नाई राहात, जोगबाई."

दुसऱ्या दिवशी ते पॉलिश पेपर घेऊन आले. संचालक धावत आले. सरकारी चिपचं नाव खोडणं नियमात बसतं का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना सांगितलं की मी नियम पाहिले आहेत, नाव छापावं असं लिहिलंय, ते ठेवावं असं कुठेही लिहिलेलं नाही. ते विचार करत गेले. गावंडे एकेक चिप घासत होते. मी समोर बसून घासू लागले.

"जपून," ते म्हणाले. "त्याले लागल."

"चिप आहे, गावंडे."

"मले माहीत हाये."

मग समिती आली. दिल्लीचे अध्यक्ष सुटातले, मितभाषी, आणि भिंग खिशात बाळगणारे. झेंड्यांच्या कारखान्यात यंत्रं ओळीने लावली होती. अध्यक्षांनी एकाचं झाकण उघडायला सांगितलं, भिंग लावलं आणि पाहतच राहिले. मग थंडपणे हिंदीत म्हणाले, की घासलेल्या चिपा त्यांनी दिल्लीच्या बाजारातही पुष्कळ पाहिल्या आहेत. ही मुळात कोणत्या कंपनीची?

परदेशी चिपचं नाव खोडून आम्ही ती आपली म्हणून दाखवतोय, असं त्यांना वाटलं होतं. आणि त्यांना दोष कसा द्यायचा? नाव खोडतो तो चोर, हा बाजाराचा साधा हिशोब होता. संचालकांच्या कपाळावर घाम आला. झेंडे मदतीला धावले, आणि तिथेच घात झाला.

"साहेब, एकदम फॉरेनसारखी हाय! मला सुदिक वळखू आली न्हाय. तुमाला काय येनार!"

अध्यक्षांनी भिंग मिटून खिशात ठेवलं. प्रकल्पाचा शेवट आता दोन वाक्यांत लिहून होणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"साहेब," गावंडे त्यांच्या खास हिंदीत म्हणाले, "यहाँ की कोई भी एक चिप तुमच उचलो. आमच्या लॅबमें चलो. अंदर का देखने का."

अध्यक्षांनी रांगेतल्या मधल्याच एका यंत्राकडे बोट दाखवलं. त्यातली चिप काढून आम्ही प्रयोगशाळेत आणली. गावंड्यांनी खिशातलं ब्लेड काढलं, बहुधा माझ्या पेनावर चालवलेलंच, आणि चिपच्या पाठीवरचं धातूचं झाकण उचकटून ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"डावा कोपरा," ते म्हणाले.

अध्यक्ष वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग एकेक अक्षर लावत वाचू लागले. "आत… डोकावू… नये." ते सरळ झाले. "अक्षर तो देवनागरी हैं। इसका मतलब?"

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कोपऱ्यात केसाहून बारीक रेघांत, सुबक वळणाच्या दोन ओळी होत्या.

आत डोकावू नये.
आम्ही कामात आहोत.

संचालकांनीही पाहिलं आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. गावंडे छताकडे पाहत होते. अध्यक्ष माझ्याकडे पाहत होते. कोणीतरी बोलणं भाग होतं, आणि नेहमीप्रमाणे ती बाई मीच निघाले.

"सर," मी हिंदीत सांगितलं, "हे आमच्याकडचं मंगलवचन आहे. कामाच्या आरंभी लिहितात."

अध्यक्षांचा चेहरा पालटला. कोणत्याही परदेशी कंपनीने हे लिहिलं नसतं, एवढं त्यांना पटलं. त्यांनी बूट काढले नाहीत इतकंच, पण सूक्ष्मदर्शकाला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मी गावंड्यांना धरलं. "खुणेच्या रेघा काय?"

"खुनेच्याच तर होत्या. पटली न ओळख?"

"आणि मजकूर कुठून सुचला?"

"इतकी वर्सं तुमच्या पुन्याच्या पाट्या वाचून राह्यलो. म्हनलं, आपन बी एक लावू. वरचं नाव कोनीबी खोडते, जोगबाई. आतलं कोन खोडते?"

मुदतवाढ पुढे संपली. परदेशी चिपा इतक्या स्वस्त झाल्या की आमचं गणित कुठेच बसेना. तरुण मुलं अमेरिकेला गेली, मी कोथरूडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गेले, संचालक सन्मानाने निवृत्त झाले. गावंडे तिथेच राहिले, नंतर दुसऱ्याच कुठल्या विभागात. कौस्त्याबद्दल हळहळताना मी त्यांना ऐकलं नाही. त्यांच्या फ्लॅटच्या दारावर कोरी पितळी पाटी होती. पोस्टमनला सोसायटीत सर्वांत सोपं घर तेच वाटे.

शेवटच्या आजारात मीनावहिनींनी औषधांच्या बाटल्या कुलपात ठेवल्या होत्या. मी भेटायला गेले तेव्हा गावंड्यांनी माझ्याकडे ब्लेड मागितलं. मी दिलं नाही. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला आणि खाली ठळक टायपात नाव. ते पाहून मला काहीतरी छपाईची चूक झाल्यासारखं वाटलं.

काही वर्षांपूर्वी एक जागा बघायला मी हडपसरच्या पुढे एका गावात गेले होते. येताना दूध घ्यावं म्हणून डेअरीत शिरले. काउंटरवर झेंड्यांचं एक जुनं यंत्र उघडून ठेवलं होतं आणि चष्मा लावलेला एक दुरुस्तीवाला त्यात डोकं घालून बसला होता.

"बिघडलंय?" मी विचारलं.

"न्हाय वो, बटन तेवढं बदललं. बाई, ह्याची वायर बदलली, काटा बदलला, पत्रा बदलला. ही एक चिप न्हाय बदलली कधी. नावच न्हाय तिच्यावर, काय म्हनून मागायची दुकानात? डुप्लिकेट असंल कायतरी." त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक चिपच्या झाकणाखाली सरकवलं. "आज बघतोच उचकटून, हाय तरी कुनाची."

"राहू द्या," मी म्हटलं.

"का वो?"

"आत डोकावू नये. ती कामात आहे."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आगाऊ पुणेरी बाई म्हणून मनात काहीतरी म्हटलं असणार, आणि स्क्रूड्रायव्हर काढून यंत्राचं झाकण बंद केलं. मी दूध त्याच यंत्रावर मोजून घेतलं. माप चोख होतं.